वेणीची खूण

दिवाळीला गावी गेलेले कारीगर लाभपाचमीनंतर हळूहळू परतायला लागतात, बमरोलीतले माग पुन्हा खडखडू लागतात, आणि मग एका सकाळी आमचे हे गल्लीतल्या नळाला पाइप लावून जीप धुवायला काढतात. सुरतेत थंडी आली हे मला असं कळतं. बाकीच्यांना कोवळ्या ज्वारीच्या पोंकाच्या हातगाड्या लागल्या की कळत असेल, ट्रंकेतली स्वेटरं उन्हात पडली की कळत असेल. मला पत्र्यावर धो धो पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला की कळतं, आणि पोटात काहीतरी दुखायला लागतं. उगाच गोल गोल कशाला बोला, मी जळते.

आजही धुणं चाललंय. मी गॅलरीत उभी राहून बघतेय. आधी चाकांच्या खाचांमधला गेल्या वर्षीचा वाळलेला चिखल स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचा. मग जुन्या टूथब्रशनं लोखंडी जाळीची एकेक फट घासायची. मग आपलाच जुना बनियन घेऊन दिवे पुसायचे, आणि पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून मान वाकडी करून बघायचं. मागे मला ताप आला होता तेव्हा ह्यांनी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली होती. नाही असं नाही. पण एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कुणाची तरी जीप चिखलात रुतलेली.

मी गॅलरीतून ओरडले, "अहो, तिला गंधपावडरही लावा!" ह्यांनी वर बघून नुसतं हसल्यासारखं केलं आणि पुन्हा बॉनेटकडे वळले. आतून माझी लेक प्रिया म्हणाली, "मम्मी, तू गाडीनी जेलस छे!" ही पोरगी सुरतेतच जन्मली, शिकली. तिच्या तोंडात मराठी, गुजराती, हिंदी अशी मिसळच असते.

म्हटलं, "हो, आहे. टाक तुझ्या स्टेटसला."

सवतीबद्दल पहिल्यापासून सांगायला हवं. आम्ही दोघं खानदेशातले, पण वाढलो सुरतेत. हे आधी लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पुढे पांडेसऱ्याला गॅरेज टाकलं. तिथं कुणीतरी भंगारात द्यायला आणलेली डिझेलची जीप ह्यांच्या डोळ्यांत भरली. दोन वर्षं रोज रात्री जेवण झालं की हे तिच्याकडे. इंजिन दुसरीचं, गिअर तिसरीचे, चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी. एवढं सगळं जोडून तयार झाली तेव्हा ह्यांनी तिला हार घातला. आणि त्या हिवाळ्यापासून असल्याच जीपवाल्यांच्या एका टोळक्याबरोबर जंगलात मुक्कामाला जायला लागले. पक्क्या रस्त्यावरून नाही हं. रस्ता संपतो तिथून ह्यांची मजा सुरू होते. दगड, खड्डे, ओढे, उभे चढ. परत यायचे तेव्हा भुवयांपर्यंत तांबडी माती, कपड्यांना चुलीच्या धुराचा वास, आणि भाकरीचा घास हातात धरून एकटेच आठवून आठवून हसायचे. हसू तिकडचं, धुणं माझ्याकडचं.

तीन-चार वर्षं मी हे पाहिलं. मग एका हिवाळ्यात मीच म्हटलं, "या वेळी मी येणार."

हे जरा बिचकलेच. म्हणाले, "तिथं संडास लांब आहे."

"लग्न होऊन तुमच्या गावी आले तेव्हाही लांबच होता."

त्या हिवाळ्याबद्दलच मला लिहायचंय. नंतरही मी गेले, पण तो हिवाळा काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहाटे निघालो. मी आपली हौसेनं चांगला पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला तेल चोपून, वेणी घालून तयार. बघते तर ह्यांच्या शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी दोरखंडानं करकचून बांधलेली. "ही मागे ठेवा की," म्हटलं. तर म्हणे, नाही, वजन जुळवलंय, हलवली तर गाडी एका बाजूला ओढते. मग मी मागे. एका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला डिझेलचा कॅन, आणि मध्ये मी, शाल गुंडाळून. बारडोलीपर्यंत मी त्या पेटीकडेच बघत होते. लोखंडाच्या पेटीचा मत्सर करायची वेळ आपल्यावर येईल असं कुणाला वाटतं का? पण आली होती खरी.

बारडोलीला उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास थंडीत जडशीळ होऊन रस्त्यावरच बसलेला. उसाच्या गाड्यांमागून रांगत रांगत पुढे गेलो. व्यारा गेलं, घरं विरळ झाली, आणि दोन्ही बाजूंना साग लागला. सागाची पानं मोठी, वाळून खाली पडलेली. चाकाखाली आली की कुणीतरी पापड मोडतंय असा आवाज. ह्यांनी आरसा थोडा वळवला आणि आरशातून मला विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "टायरला विचारा, तो जास्त ऐसपैस बसलाय." आरशात हसले. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

मुक्कामाची जागा म्हणजे नदीकाठचं एक मोकळं मैदान. कुडाच्या चार झोपड्या, दोन-तीन तंबू, एक हातपंप, पाण्याचा निळा ड्रम आणि मोठी चूल. वीज नाही, फोनला रेंज नाही. स्वयंपाकाला तिथलीच एक मावशी होती. ती नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणि उडदाची डाळ करायची. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. कुठेही गेलं तरी माझे पाय चुलीकडेच वळतात. तिथून मला ह्यांच्याकडे नीट बघता आलं, आणि मी चाटच पडले. घरी दोन शब्दांत काम भागवणारा हा माणूस इथं हात हलवून हलवून गोष्टी सांगत होता! एकाची जीप दगडावर कशी लटकली, त्याची नक्कल करून दाखवत होता. सगळे पोट धरून हसत होते. एवढं सगळं ह्यांच्याकडे होतं, आणि आमच्या घरी त्यातलं काय पोचायचं तर "भाजीत मीठ कमी आहे". मी चुलीत काटकी सारली ती जरा जोरातच सारली. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि काटक्यांचा भारा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

तिथंच बिनल पहिल्यांदा दिसली. कतारगामची, घरचा हिऱ्याचा कारखाना, आणि स्वतःची पांढरी जीप स्वतः चालवत आलेली. आमच्यापेक्षा बरीच लहान. केस मुलांसारखे कापलेले, डोक्याला लाल टोपी, हातात कातडी मोजे. आली ती सरळ माझ्या गळ्यातच पडली. "भाभी, तमे आव्या ते बहु सारुं कर्युं! रमेशभाई तो तमारी बहु वात करे छे." हे माझ्याबद्दल बोलतात? तिच्याशी? मग माझ्याशी का नाही बोलत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी पोंकाची थाळी पुढे केली. कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, वर शेव, लिंबू. माझी आई त्यालाच हुरडा म्हणायची आणि लसणाची चटणी घ्यायची. बिनलनं ओंजळभर घेतला आणि खात खात ह्यांच्याशी टायरमधल्या हवेबद्दल बोलत सुटली.

तुम्हाला वाटेल तसला संशय मला नव्हता. हे कुणाकडे वाकड्या नजरेनं बघणारे नाहीत. दुसऱ्या दिवशी मला जे खुपलं ते सरळ नजरेचंच होतं.

सकाळी सगळ्या जीपा ओढ्याकडे निघाल्या. वाळलेल्या ओढ्याच्या पलीकडे एक उभा चढ होता, नुसते दगड आणि सुटी माती. आम्ही दोघी-तिघी बायका बाजूच्या खडकावर शाली घेऊन बसलो. असल्या चढावर चालवणाऱ्याला स्वतःची चाकं दिसत नाहीत. समोर दिसतं ते बॉनेट आणि आभाळ. म्हणून एकानं खाली उतरून, पुढे बाजूला उभं राहून हातानं वाट दाखवायची. डावीकडे घे, थोडं मागे, आता सोड. इंजिनाच्या गर्जनेत ओरडून उपयोग नसतो. चालवणाऱ्यानं फक्त त्या हातांकडे बघायचं. दगडाकडे नाही, दरीकडे नाही, हातांकडे.

ह्यांना वाट दाखवायला बिनल उभी राहिली.

आणि हे तिच्याकडे असे बघत होते! पापणी न लववता. तिनं बोट वाकवलं की स्टिअरिंग वळत होतं, तिनं तळवा दाखवला की गाडी जागच्या जागी. इतक्या वर्षांच्या संसारात मी काही सांगत असताना हे एवढं लक्ष देऊन कधी बघत होते? मी म्हटलं असेल की गॅस संपलाय, प्रियाची फी भरायचीय, माझ्या छातीत धडधडतंय. "हं," म्हणायचे. तोंड पेपरात. माझा नुसता तिळपापड होत होता. त्यात आणखी एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. त्या खुणा मला समजत होत्या. कुणी न शिकवता, एकूण एक.

कारण त्या आमच्या कारखान्यातल्या होत्या.

लूमच्या कारखान्यात कधी गेला असाल तर माहीत असेल, सगळे माग एकदम चालू झाले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथं तोंडं बंद आणि हात बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ मुठीभोवती फिरवली की बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्याचा रूळ, संपत आला. अंगठा ओठाला लावला की चहा आला. कॉलर ताठ केली की सेठ येतोय, कामाला लागा. माझे वडील तिथं माग चालवायचे आणि दहावीनंतर मी बॉबीन भरायच्या मशीनवर बसायचे. तेव्हा हे अजून 'हे' नव्हते. तेव्हा तो होता. पलीकडच्या रांगेत, तेलानं माखलेला, पाना घेऊन मागाखाली घुसणारा एक बारकासा जॉबर.

माझी वेणी तेव्हा कमरेखाली यायची, आणि मला तिची घमेंडही होती. एकदा मी वाकून बॉबीन लावत होते. सहज वर बघितलं तर पलीकडून हा माणूस दोन्ही डोळे मोठे करून माझ्याकडे बघतोय, आणि उजवा हात मानेमागे नेऊन, खांद्यावरून काहीतरी ओढून छातीशी धरतोय. पुन्हा मानेमागे, पुन्हा छातीशी. मला वाटलं, ह्याला वेड लागलं. मग कळलं. माझी वेणी पाठीवरून घसरून मशीनच्या पट्ट्याशी लोंबत होती. मी झटकन पुढे ओढली. त्याच्यासारखीच, खांद्यावरून छातीशी. तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला. तो सोडलेला श्वास मला एवढ्या लांबून दिसला होता.

मग ती आमची खूणच झाली. तेलकट जमिनीवरून मी चालायला लागले की पलीकडून हात मानेमागे. सेठशी माझी बोलाचाली झाली की हात मानेमागे. जपून. दाढीचे खुंट वाढलेला बाप्या माणूस आपल्या खांद्यावरून नसलेली वेणी पुढे ओढतोय, आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. मी लग्नाला हो म्हटलं ते कशावर म्हटलं, असं कुणी विचारलं तर मी ह्या खुणेवर बोट ठेवीन. दुसरं होतं काय तेव्हा ह्यांच्याकडे? पण लग्नानंतर कारखाना सुटला, मागांचा आवाज सुटला आणि ती खूणही कुठे राहिली कोण जाणे. मला वाटायचं, असेल, जपून ठेवलेली असेल.

तर त्या चढावर ह्यांच्या जीपचं मागचं चाक घसरलं, माती सुटली. आणि बिनलनं, त्या कापलेल्या केसांच्या पोरीनं, उजवा हात मानेमागे नेला आणि खांद्यावरून नसलेली वेणी छातीशी ओढली.

ह्यांनी गच्च ब्रेक दाबला.

खडकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मला कुणीतरी भर बाजारात माझी पेटी उघडून लग्नाचा शालू वाटून टाकल्यासारखं झालं होतं. जीप द्या, म्हटलं, जंगल द्या, हसू द्या, सगळं त्या टोळक्याला द्या. पण हे कसं दिलं? हे काय तुमच्या एकट्याचं होतं?

संध्याकाळी शेकोटीपाशी मी ताट पुढे घेऊन नुसती बसले होते. हे शेजारी येऊन टेकले. आम्ही दोघंच असलो की कधी कधी अहिराणीवर येतो.

"तुले काय व्हयनं?"

"काही नही."

"मंग जेवस काबर नही?"

मी ताट खाली ठेवलं. हात मानेमागे नेला आणि वेणी पुढे ओढली. माझी खरी होती. पूर्वीएवढी लांब नसली, शेवटाला उंदराच्या शेपटीएवढी झाली असली, तरी खरी. "हे तिला तुम्ही शिकवलं?"

ह्यांनी विस्तवातलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "शिकवलं असं नाही गं. पहिल्या वर्षी तिची गाडी उतारावर सुटत होती. मी समोर उभा. ओरडून ऐकू जाणार नव्हतं. हात आपोआप मानेकडं गेला. ती थांबली. मग सगळेच करायला लागले."

"दुसरी खूण नव्हती का?"

"जपून म्हणायला मला तीच येते."

यावर खरं तर मी विरघळायला हवं होतं. थोडी विरघळलेही. पण जळफळाट असा एका वाक्यानं विझत नाही. म्हटलं, "घरी कधी केली नाही ती, एवढ्या वर्षांत."

"घरी कशाला? घरी कुठं मागांचा आवाज आहे? घरी बोलता येतं की."

"येतं ना," मी म्हटलं. "बोलता का?"

हे काटकीनं राख उकरायला लागले. मी ताट उचलून भाकरी खाल्ली. नागलीची भाकरी गार झाली की चिवट होते, चावायला वेळ लागतो, आणि त्या वेळात न बोलता शेजारी बसता येतं.

आत्ता खाली पाइप बंद झालाय. हे बॉनेट उघडून आत वाकलेत. प्रिया विचारतेय, मम्मी, तू काय लिहितेस एवढं? काही नाही, म्हटलं, तुझ्या सावत्र आईची कुंडली.

निघायच्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. मी हातपंपावर तोंड धुवायला गेले तर बिनल तिथं दात घासत होती. मी सरळच विचारलं. "बिनल, ही खूण तुम्ही करता ना, अशी, ती कशाची गं?"

तिनं चूळ भरली आणि खांदे उडवले. "खबर नथी, भाभी. रमेशभाई करे छे, एटले अमे करीए छीए. केम, कंई छे एमां?"

तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. ह्यांनी हात दिला होता, वेणी दिली नव्हती. मी ओढणीनं तोंड पुसलं, शांतपणे. म्हटलं, "काही नाही, सहज विचारलं." सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही. विचारते ती अधूनमधून. विचारू दे.

मग तीच म्हणाली की निघायच्या आधी सगळे पुन्हा त्या चढावर जाणार, आज तिची गाडी सगळ्यांत पुढे आहे, ती चढून वर जाईल, तर मागून रमेशभाईंना वाट कोण दाखवणार?

"मी," म्हटलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे माझ्या चपलेकडे बघत राहिले. "तू?"

"का? मला येत नाही का?"

ह्यांनी मला बूट दिले, स्वतःचे जास्तीचे. पुढे कागद कोंबून मी ते घातले. कुठे उभं राहायचं ते दाखवलं, गाडीच्या अगदी समोर नाही, बाजूच्या पक्क्या खडकावर. बिनलची पांढरी जीप वर पोचली. मग ह्यांनी इंजिन चालू केलं आणि सगळे आवाज त्या एका आवाजात बुडाले. मला एकदम मागांमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं. मग मी दोन्ही हात वर केले, आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

काय सांगू! काचेच्या पलीकडून, पापणी न लववता. मी बोट वाकवलं, चाक वळलं. मी तळवा दाखवला, गाडी थांबली. मी पुढे बोलावलं, ते एवढं मोठं लोखंड गुरगुरत दगडावर चढलं. डावं चाक जरा कडेला गेलं, माती सुटायला लागली, आणि माझा हात मुद्दाम न नेता मानेमागे गेला. हातात माझीच वेणी आली, सकाळी तेल लावून घट्ट घातलेली. मी ती खांद्यावरून ओढली आणि छातीशी धरली.

ह्यांनी ब्रेक दाबला. आणि श्वास सोडला. तो मला दिसला.

आता मी हात सोडून "ये" म्हणायला हवं होतं. चाक सावरलं होतं, पुढची वाट मोकळी होती. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. वरून बिनल दोन्ही हात हलवत ओरडत होती, "भाभी, आववा दो ने!" पण मी खूण करेपर्यंत ह्यांना दुसरीकडे बघता येत नव्हतं, तसा नियमच आहे तिथला. मी वेणी तशीच मुठीत धरून उभी राहिले. म्हटलं, वाजवा हॉर्न. बघू देत ह्यांना जरा वेळ.